दुसरं शिखर

त्यांनी दौलत आत्रामला कोळसा खायला लावला, तेव्हा मी प्रयोगशाळेच्या पायरीवर उभी होते.

सकाळचे सव्वानऊ झाले होते. दौलतची सायकल रस्त्यावर आडवी पडली होती. तिला बांधलेली पाच पोती फाटून कोळसा पसरला होता. दोघांनी त्याचे हात पाठीमागे पिळून धरले होते. तिसऱ्याने नाक दाबलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते. प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती. मनोहर बोढेने मुठीएवढा तुकडा त्या तोंडात कोंबला आणि हनुवटीखालून तळहाताचा फटका मारला. फुटला तो कोळसा की दात, हे आवाजावरून कळलं नाही.

"खाय," मनोहर म्हणाला. "माह्या पोरीनं याचा धूर खाल्ला. तू सोमल खाय."

"भाऊ, म्या काई—"

"चाव!"

तीस-चाळीस माणसं होती, त्यात बायकाही होत्या. बहुतेकांना मी चेहऱ्याने ओळखत होते. मनोहरचा मेहुणा सुधाकर सायकलची साखळी काढत होता. ती निघाल्यावर त्याने ती एकदा हवेत फिरवून पाहिली आणि मग दौलतच्या तोंडावर मारली. पहिल्या फटक्यात गाल उघडला. दुसऱ्या फटक्याला दौलत गुडघ्यांवर आला.

झाडेकाका माझ्यामागून धावत गेले. ते आमचे परिचर होते. पन्नाशी उलटलेली, दम्याचा त्रास, कोळशाचे नमुने कुटून कुटून नखं काळी झालेली. ते गर्दीत शिरून ओरडले, "पोलीस! पोलीस आले बे, पळा!"

सगळ्यांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. पण तेवढ्यात आम्ही दोघांनी दौलतला काखेत धरून ओढत पायऱ्या चढवल्या आणि दार आतून लावलं.

"मॅडम," कडी घालताना झाडेकाका धापा टाकत म्हणाले, "दार सरकारी आहे. टिकनच असं नाई."

मी दौलतच्या तोंडात बोटं घातली. कोळशाचे तुकडे काढले. त्यांच्याबरोबर दातही आले, तीन. चौथा हिरडीला लोंबत होता. रक्त आणि कोळशाची पूड मिळून जे होतं ते माझ्या मनगटापर्यंत आलं. डावा गाल असा फाटला होता की आतली जीभ बाहेरून दिसत होती. मी मोठा टॉवेल घडी करून त्यावर दाबला.

बाहेरून दारावर पहिली लाथ बसली.

ही गोष्ट १९९४ च्या फेब्रुवारीतली. मी एकोणतीस वर्षांची होते. आमच्या संस्थेने चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसापट्ट्यात, आमडीटोला या गावाच्या टोकाला, खाणीच्या जुन्या कचेरीतल्या दोन खोल्या घेऊन तिथे एक्स-रेचं एक यंत्र बसवलं होतं. कोळशात कार्बनखेरीज खूप काही असतं. टनामागे दोन ग्रॅम, पाच ग्रॅम, इतकं थोडं. पण कोळसा जळला की ते हवेत, राखेत, अंगणात येतं. आर्सेनिक, सेलेनियम, शिसं. माझं काम ते मोजण्याचं होतं. कोळसा कुटायचा, चाळायचा, दाबून त्याची रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी वडी करायची आणि यंत्रात ठेवायची. एक्स-रे पडले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे किरण परत पाठवतं. त्यांचा आलेख कागदावर छापून येतो. डोंगररांगेसारखा दिसतो. शिखर कुठे आहे ते पाहायचं आणि त्यावरून मूलद्रव्याचं नाव सांगायचं.

मनोहर बोढेचं रस्त्यावर बॅटऱ्यांचं दुकान होतं. त्याची धाकटी मुलगी पल्लवी, चार वर्षांची, जानेवारीअखेर वारली. आधी पोटात कळा, मग उलट्या, मग झटके. त्याच्या गल्लीतली आणखी तीन मुलं आजारी होती. थोरली प्राची सहा वर्षांची होती, तीही धड नव्हती. गावात सगळीकडे शेगड्यांत कोळसाच जळायचा आणि तो खाणीच्या कडेने वेचून सायकलवर आणून विकणारे पाचसहा जण होते. मनोहरच्या गल्लीत तो दौलत टाकायचा.

मनोहर बिस्किटांच्या डब्यात आपल्या घरचा कोळसा घेऊन माझ्याकडे आला होता. "मॅडम, याच्यात काय आहे थे सांगा. डॉक्टर म्हन्ते, कशाचा तरी ईखार असन."

मी दोन दिवस लावले. हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी तो दारात उभा राहिला, तेव्हा मी आलेखावरचं मोठं शिखर पाहून सांगितलं, आर्सेनिक. खूप. या पट्ट्यात मी कधीच पाहिलं नव्हतं एवढं.

"आर्सेनिक म्हंजे?" त्याने विचारलं.

"सोमल," झाडेकाका म्हणाले.

मनोहरने तो शब्द दोनदा स्वतःशी म्हटला आणि डबा तिथेच ठेवून तो निघून गेला. आर्सेनिक हे जमिनीतून येतं. सोमल मात्र कोणीतरी घालतं.

झाडेकाकांनी ठाण्यावर फोन लावला. ठाणं अठरा किलोमीटरवर. "गाडी बाहेर गेली म्हन्ते," त्यांनी फोन ठेवत सांगितलं. "आली की पाठवतो. घंटाभर."

"मॅडम!" बाहेरून मनोहरचा आवाज आला. "तुमच्याशी आमचं काई नाई. त्याले बाहीर द्या."

"पोलीस येताहेत, मनोहरभाऊ."

"येऊ द्या ना. आमी कुठी जातो?"

मग दगड सुरू झाले. दोन्ही खिडक्यांच्या काचा एकामागून एक आत आल्या. खिडकीला गज होते, म्हणून माणूस येऊ शकत नव्हता. पण गजांमधून त्यांनी एक लांब बांबू घुसवला आणि आंधळ्यासारखा इकडेतिकडे फिरवायला लागले. कपाटातल्या बाटल्या खाली आल्या. तराजू गेला. यंत्राचं झाकण आदल्या दिवसापासून उघडं होतं. बांबूचं टोक आत शिरून डिटेक्टरवर, परत येणारे किरण पकडणाऱ्या भागावर, बसलं. डिटेक्टरच्या तोंडाला बेरिलियमचा पापुद्रा असतो, कागदाहून पातळ. तो फुटल्याचा आवाज येत नाही, फक्त हवा आत ओढली गेल्याची बारीक शीळ येते. ती मी ऐकली. यंत्र संपलं होतं.

बांबू मागे ओढला जाताना त्याच्या धक्क्याने खिडकीखालचं नळकांडं आडवं झालं. डिटेक्टर गार ठेवायला आम्ही द्रव नायट्रोजन आणायचो, त्याचा साठा. झाकण उडालं आणि पांढरंशुभ्र धुकं फरशीवरून सरपटत सगळीकडे पसरलं, खिडकीच्या कठड्यावरून बाहेर गेलं.

"गॅस! बाईनं गॅस सोडला!"

बाहेर पळापळ झाली. एक बाई किंचाळत होती. नायट्रोजनने दाराबाहेर कोणाचंही काही बिघडणार नव्हतं. मी ते सांगितलं नाही.

"दहा मिनिटं मिळाले," झाडेकाका म्हणाले. "दौलत, ए दौलत. झोपू नको बे. बोल काही."

दौलतने उजवा डोळा उघडला. डावा सुजून बंद झाला होता. टॉवेलमधून त्याचे शब्द ओले येत होते.

"माह्या घरी बी तोच कोळसा, मॅडम."

"बोलू नकोस."

"चार लेकरं हायेत. त्याच्यावरच रांधते बायको. थे काहून नाई मेले?"

मी टॉवेल दाबून धरला होता.

"मनोहरभाऊंना वेगळ्या ठिकाणचा दिलास का?"

"एकच ढीग. अर्धा माह्या घरी, अर्धा त्याच्या आंगनात. भट्टीपाशी."

"कसली भट्टी?"

मला वेड लागल्यासारखं तो माझ्याकडे पाहू लागला, जणू गाय ओळखता येत नाही असं मी म्हणाले होते. "बॅटऱ्याची. जुन्या बॅटऱ्या फोडते थो. शिसं गाळते. दिवाळीपासून."

मी उठले. टेबलावर काचा होत्या. काचांखाली आलेख होता.

आर्सेनिकचं मोठं शिखर आलेखाच्या खालच्या पट्टीवर साडेदहाच्या आकड्यापाशी येतं. शिशाचंही मोठं शिखर साडेदहापाशीच येतं. दोन्हींत फरक इतका थोडा आहे की आमच्या यंत्राला तो दिसत नाही. दोघे एकमेकांवर बसतात. पण प्रत्येकाला दुसरं शिखर असतं, लहान. आर्सेनिकचं पावणेबाराच्या जवळ, शिशाचं साडेबाराच्या पुढे. म्हणून मोठं शिखर दिसलं तरी नाव घ्यायचं नाही, आधी दुसरं कुठे आहे ते पाहायचं. हे आम्हाला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

पावणेबारापाशी रेघ सपाट होती. साडेबाराच्या पुढे शिखर होतं. चांगलं उंच.

आणि नमुना दुसऱ्याने आणलेला होता. तो आपण स्वतः जाऊन, पोत्यातून, चार बाजूंनी घ्यायचा असतो. मी बिस्किटांच्या डब्यातून घेतला होता, भट्टीशेजारच्या जमिनीवरून खरवडलेला.

मागच्या मोरीचं दार मोडल्याचा आवाज आला. त्याला आतून फक्त खिटी होती.

मनोहर एकटा आला. हातात चाकं खोलायची लोखंडी पहार होती. धुकं आता घोट्यापर्यंत राहिलं होतं. त्यातून तो चालत आला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाजूले व्हा."

झाडेकाका मध्ये आले. मनोहरने पहारीचं मागचं टोक त्यांच्या पोटात खुपसलं. ते कपाटावर आदळून खाली बसले आणि श्वासासाठी तोंड उघडमीट करू लागले.

"मनोहरभाऊ, कोळशात सोमल नाही," मी म्हणाले.

"काल होता."

"काल मी चुकीचं सांगितलं. हे बघा." मी कागद त्याच्या तोंडासमोर धरला. "हे मोठं शिखर दोघांचं असू शकतं. सोमलाचं किंवा शिशाचं. सोमल असता तर इथे, या जागी, दुसरं शिखर दिसलं असतं. इथे काही आहे का?"

तो बघेल असं मला वाटलं नव्हतं. पण तो हाताने काम करणारा माणूस होता. कोणी वस्तू दाखवली की पाहायची, ही त्याची सवय होती.

"नाई," तो म्हणाला.

"आणि हे पुढचं. हे शिशाचं."

"कोळशात शिसं?"

"कोळशावर. तुमच्या अंगणातल्या कोळशावर."

पहार अजून वर होती.

"पोरी कुठे खेळायच्या?" मी विचारलं.

त्याने कागदावरून नजर काढून खिडकीकडे पाहिलं.

"भट्टीपाशी?"

"थंडीचे दिवस होते," तो म्हणाला. "तिथं उबदार राह्यते."

"प्राचीचं पोट दुखतं?"

"दुखते."

"हातातून वस्तू पडतात?"

"पेला सुटते." मग हळू आवाजात, "मनगट लोंबते तिचं. तिची माय म्हन्ते, नाटकं करते."

"तिला आजच्या आज नागपूरला न्या. शिसं रक्तातून काढायचं औषध असतं. मी चिठ्ठी देते. अजून वेळ आहे. पल्लवीसारखं होणार नाही."

पल्लवीचं नाव घेतल्यावर त्याने डोळे मिटले. मला वाटलं, तो खाली बसेल. तो बसला नाही. त्याने डोळे उघडले आणि दौलतकडे पाहिलं. मघाशी त्या नजरेत राग होता. आता नव्हता. आता तिथे फक्त हिशेब होता, आणि तो पाहून मी खरी घाबरले.

"हा मेला पाह्यजे," तो म्हणाला.

"का? त्याने काही केलेलं नाही."

"हा जित्ता राह्यला तं सांगन. मंग लोक इचारन, कोळशात नाई तं कशात. बाहीर माही बायको उभी आहे, मॅडम. तिनं रोज त्या भट्टीतली राख झाडली. पोरीले कडेवर घेऊन झाडली. मी तिले काय सांगू?"

त्याने पहार दोन्ही हातांत घेतली. दौलत फरशीवरून मागे सरकायला लागला. टाचा रक्तात घसरत होत्या. त्याने हात वर केला, आणि मनोहरने त्याच हातावर पहार मारली. कोपराच्या खाली हाड मोडलं. ते बाहेर आलेलं मी पाहिलं. दौलत ओरडला नाही. त्याच्या गालावरून फक्त टॉवेल पडला.

"मी सांगणार नाही!" मी ओरडले.

पहार दुसऱ्यांदा वर गेली होती. आता डोक्याच्या वर.

"कोणालाच सांगणार नाही. शिशाचं नावही घेणार नाही. याला जिवंत सोडा. भट्टी आज मोडा. प्राचीला घेऊन जा. सोमल तर सोमल."

"याचं काय?"

"तो बोलला तरी त्याचं कोण ऐकणार आहे?"

हे वाक्य माझं आहे. मी ते दौलतच्या देखत म्हणाले.

मनोहर विचार करत उभा राहिला. बाहेरून सुधाकर हाका मारत होता. "भाऊजी! काय झालं? मेला का?"

"लिहून द्या," मनोहर म्हणाला. "सोमल सापडला म्हून. शिक्क्यानिशी."

कोपऱ्यातून झाडेकाकांनी मोठ्या कष्टाने मान वर केली. "मॅडम, नका लिहू."

मी लिहिलं. संस्थेच्या कागदावर, दिनांक घालून. 'आमडीटोला येथील श्री. मनोहर बोढे यांनी दिलेल्या कोळशाच्या नमुन्यात आर्सेनिक (सोमल) आढळले आहे.' सही केली. शिक्क्यावर रक्त लागलं होतं, ते पुसून शिक्का मारला. माझं अक्षर चांगलं आहे. तेव्हाही चांगलंच आलं.

सुधाकर मोरीच्या दारातून आत आला, तेव्हा कागद मनोहरच्या हातात होता.

"काय आहे थे?"

"मॅडमनं लिहून देल्लं. सोमलच आहे. आता पोलीस घेऊन जाईन याले. फाशी होईन."

"अन् आपन असेच सोडाचं?"

"आपन मारलं तं आपल्यावर येईन. चाल."

सुधाकर दौलतपाशी गेला. त्याच्या पायात जाड बूट होते, खाणीतले. "हे माह्या भाचीचं," तो म्हणाला आणि बुटाची टाच त्याने दौलतच्या चांगल्या डोळ्यावर दिली. सगळं वजन टाकून. एकदाच. मग तो बूट फरशीवर घासत निघून गेला.

बाहेर मनोहरने कागद वाचून दाखवला. गर्दीतून एक आवाज उठला, तो आनंदाचाही नव्हता आणि दुःखाचाही नव्हता. मग त्यांनी दौलतची सायकल त्याच्याच कोळशाच्या ढिगावर ठेवली, रॉकेल ओतलं आणि पेटवलं. टायरांचा काळा धूर खिडकीतून आत आला. नायट्रोजनचं धुकं तोवर विरलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते.

पोलिसांनी त्या दिवशी कोणालाही धरलं नाही. मनोहर त्याच दिवशी दुपारच्या गाडीने प्राचीला नागपूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांना मी बंद पाकिटात खरं लिहिलं होतं. ती वाचली. मनगट पुढे सुधारलं. गल्लीतल्या इतर तीन मुलांच्या आईबापांना मी वेगवेगळं गाठून सांगितलं, मुलांचं रक्त नागपूरला तपासा. कशासाठी, ते सांगितलं नाही. दोघांनी ऐकलं. भट्टी मोडली गेली. माती कुठे टाकली ते मी विचारलं नाही.

दौलतचा एक डोळा गेला, दुसऱ्याने उजेड-अंधार कळायचा. हात वाकडा जुळला. सोमल विकणारा म्हणून गावाने त्याला परत येऊ दिलं नाही. तो बायकोच्या गावी, अहेरीच्या पलीकडे गेला. अकरा वर्षांपूर्वी वारला.

मी लिहून दिलेला कागद गावोगाव फिरला. कोणीतरी त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. सहा दिवसांनी पलीकडच्या गावात आणखी दोन सायकलवाल्यांना धरलं. त्यांनाही कोळसा खायला घातला. त्यातला एक वाचला. दुसऱ्याचं नाव शंकर टेकाम. वय चोवीस. पोलिसांनी त्याच्या कपड्यांबरोबर माझ्या अक्षरातली एक झेरॉक्स पंचनाम्यात लावली होती, ती त्याच्या तोंडात सापडली म्हणून.

मी बदली मागून घेतली. तो सौदा मी दौलतच्या जिवासाठी केला, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही. पहार डोक्यावर होती. पण दौलत वाचला, पोलीस आले, नागपूरहून प्राचीचा रिपोर्ट आला, आणि शंकर टेकाम मरेपर्यंत मध्ये सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत माझ्या डोक्यावर कोणीही पहार धरलेली नव्हती.

त्या आलेखावर साडेबाराच्या पुढच्या शिखरापाशी पेन्सिलीने काढलेलं एक प्रश्नचिन्ह होतं. ते माझं होतं. आदल्या दिवशी दुपारी, यंत्रातून कागद बाहेर आला तेव्हाच मी ते काढलं होतं. मी ते शिखर पाहिलं होतं. पावणेबाराची सपाट रेघही पाहिली होती. माझा प्रबंध आर्सेनिकवर होता. तीन वर्षं मी त्या पट्ट्यात आर्सेनिक शोधत होते आणि हाताला काही लागत नव्हतं. मनोहर दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी 'उद्या या' एवढंच म्हणायला हवं होतं. त्या संध्याकाळी त्याला कागद दाखवताना मी त्या चिन्हावर अंगठा ठेवला होता.

त्या सकाळी पोलिसांची जीप साडेदहाला आली. मागच्या बाकावर झाडेकाका बसले, दौलतचं डोकं मांडीवर घेऊन. मी समोरच्या बाकावर. माझी पिशवी मांडीवर होती. पुढे ड्रायव्हरशेजारचा हवालदार विड्यांचं बंडल शोधत होता. चंद्रपूरपर्यंत रस्ता फार वाईट होता आणि प्रत्येक खड्ड्यात दौलतच्या घशातून एक आवाज निघायचा.

अर्ध्या वाटेवर तो बोलला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, तोंड टॉवेलने बांधलेलं. मला वाकावं लागलं.

"मॅडम. म्या सगळं आयकलं."

"बोलू नकोस, टाके पडायचेत."

"थो कागद. डोंगराचा. ज्याच्यात माहं काई नाई असं हाये." तो थांबला, श्वास घेतला. "थो मले द्या. बायकोले देतो. ठेवन ती."

कागद माझ्या पिशवीत होता, चार घड्या घालून. झाडेकाकांनी मला तो ठेवताना पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. बाहेर फक्त मातीचे ढीग होते, खाणीतून काढलेले.

"फाटला," मी म्हणाले. "गडबडीत फाटला."

दौलतची मान झाडेकाकांच्या मांडीवर एका बाजूला कलली. मला वाटलं, शुद्ध गेली. मग त्याचा धड असलेला हात बाकावरून चाचपडत आला आणि माझ्या गुडघ्यावर थांबला.

"असू द्या," तो म्हणाला. "माहं तोंड नाई राह्यलं. तुमचं हाये न. तुमी सांगजा."

"हो," मी म्हणाले.

त्याने हात काढून घेतला. हवालदाराने विडी पेटवली आणि मागे वळून विचारलं, "काय म्हन्ते तो?"

"पाणी मागतोय," मी म्हणाले.